शोभेची झाडे, सबुरीची औषधे

कीटकनाशकांवरचे कुठलेही मराठी पुस्तक उघडा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पीकच भेटते. सोलापूर जिल्ह्यात तर विचारायलाच नको: डाळिंब, द्राक्ष, ऊस, तूर. दारातली जास्वंद, कुंडीतला गुलाब, देवळाच्या आवारातली कण्हेर, दुभाजकातली बोगनवेल, रोपवाटिकेत काळ्या पिशवीत उभा असलेला क्रोटन यांच्या वाट्याला फार तर शेवटचा परिच्छेद येतो. मग या झाडांवर कीड दिसली की माणूस कृषी सेवा केंद्र गाठतो, दुकानदार डाळिंबासाठी ठेवलेली बाटली पुढे करतो आणि एकरी हिशेबाचे औषध अंगणातल्या चार कुंड्यांवर अंदाजाने ओतले जाते. किती मिसळायचे, तर टोपणभर. मारायचे कुणी, तर जो मोकळा असेल त्याने. या सवयीला पर्याय द्यावा, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

अक्कलकोटसारख्या गावात हा विषय बागकामाच्या हौसेपुरता राहत नाही. श्री स्वामी समर्थांनी १८७८ मध्ये येथे समाधी घेतली. आज वटवृक्ष मंदिरात गुरुवारी, पौर्णिमेला, प्रकटदिनाला आणि पुण्यतिथीला भाविकांची रीघ लागते आणि तिच्याबरोबर हार, सुटी फुले, तुळस, बेल यांची उलाढाल होते. ही फुले कुणी ताटात वाढून घेत नाही. पण ती हातात घेतली जातात, डोळ्यांना लावली जातात, केसांत माळली जातात. तुळशीचे पान तर तीर्थाबरोबर सरळ पोटात जाते. भाजीवर फवारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, ते लेबलावर छापलेले असते. शेवंतीच्या हाराबद्दल असा प्रश्न ना विकणारा विचारतो, ना घेणारा.

पीक आणि शोभेचे झाड यांत एक मूलभूत फरक आहे आणि हे सगळे पुस्तक त्या फरकावर उभे आहे. पीक हातचे गेले तर वर्षाचे गणित कोलमडते, म्हणून शेतकऱ्याला घाई असते आणि ती समजण्यासारखी आहे. जास्वंदीची दहा पाने आकसली तर कुणाचे कर्ज थकत नाही. इथे नुकसान दिसण्याचे असते, उत्पन्नाचे नसते. म्हणजे आपल्या हाती वेळ आहे. जी औषधे दोन दिवसांत नव्हे, दोन आठवड्यांत गुण दाखवतात, जी सगळी कीड मारत नाहीत पण आटोक्यात ठेवतात, त्यांच्यासाठी याहून योग्य जागा नाही. आणि ही झाडे नेमकी तिथे उभी असतात जिथे लहान मुले खेळतात, म्हातारी माणसे बसतात, गाय-कुत्री फिरतात. सबुरी परवडते आणि सबुरीची गरजही आहे, अशा दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी क्वचित जुळतात.

कीटकनाशकांच्या जागतिक इतिहासातले दोन मोठे धडे शोभेच्या झाडांनीच दिले, हे फारसे सांगितले जात नाही. अमेरिकेत रस्तोरस्ती सावलीसाठी लावलेल्या एल्म वृक्षांना बुरशीच्या एका रोगाने ग्रासले. ती बुरशी पसरवणारे भुंगेरे मारण्यासाठी १९५० च्या दशकात झाडांवर डीडीटीचे फवारे सोडण्यात आले. पाने गळली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळे रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली आणि मिशिगनमधल्या एका विद्यापीठाच्या आवारात वसंतात रॉबिन मरून पडू लागले. रेचेल कार्सन यांच्या १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात या हकिगतीला मोठी जागा आहे. दुसरा धडा त्याआधीचा आणि आशेचा. १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात आलेल्या बाभूळवर्गीय शोभेच्या झाडांबरोबर एक पांढरी खवले कीड आली आणि तिने संत्र्या-लिंबांच्या बागा उजाड करत आणल्या. १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेले या कीटकतज्ज्ञाला ऑस्ट्रेलियाला पाठवले गेले. त्याने तिथून लाल-काळे लेडीबर्ड भुंगेरे धाडले आणि दोनेक वर्षांत कीड आटोक्यात आली. किडीला तिच्या मूळच्या शत्रूकडून आवरायचे, हे आधुनिक शास्त्र त्या यशावर उभे राहिले.

आपल्याकडचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूर भागात प्रथम नोंदवला गेला आणि २०१० पर्यंत पुण्यापर्यंत पोचला. नावात पपई असली तरी तो जास्वंद, चाफा, तुती अशा कितीतरी झाडांवर बसतो. शेतकऱ्यांनी औषधांवर औषधे मारली, पण मेणकट कापसाखाली दडलेल्या किडीपर्यंत ती पोचेनात. २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने प्यूर्टो रिकोहून अ‍ॅसेरोफॅगस ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी परोपजीवी माशी आणली आणि जागोजागी सोडली. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते, आतली अळी त्याला खाऊन संपवते. या माशीने जे केले ते कुठल्याही बाटलीला जमले नव्हते. आणि जिथे फवारणी चालू राहिली तिथे माशी आधी मरते, हेही त्यातूनच कळले.

आता दारातल्या जास्वंदीकडे येऊ. शेंड्याची पाने आकसून गुच्छासारखी झालेली, देठांच्या बेचक्यात कापूस, खालच्या पानांवर चिकट चकाकी आणि त्या चकाकीवर काजळीसारखी काळी बुरशी. खोडावरून मुंग्यांची रांग वर जाते आहे. पहिले लक्ष मुंग्यांकडे द्यायचे, कारण गोड चिकट रसासाठी त्या ढेकणांची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हुसकावतात आणि पिल्ले एका फांदीवरून दुसरीवर नेऊन सोडतात. मुंग्यांची वाट बंद केली की निम्मे काम झाले. मग आकसलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकायचे, झाडाखाली टाकायचे नाहीत. उरलेल्यावर नळीने जोराचे पाणी मारायचे. आणि मग, फवारणीच्या आधी, भिंग घेऊन कापूस नीट पाहायचा. त्यात एखादा कापूस इतरांपेक्षा मोठा, मेणाचे धागे लांब असलेला आणि भरभर चालणारा दिसला, तर हात आवरायचा. तो ढेकूण नव्हे. ती क्रिप्टोलिमस या लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी असू शकते. ती ढेकणाचेच सोंग घेऊन ढेकणांमध्ये राहते आणि त्यांनाच खाते. हा भुंगेरा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. द्राक्षबागांसाठी तो आज प्रयोगशाळांत वाढवला जातो. बागेत त्याची अळी ‘मोठा ढेकूण’ म्हणून चिरडली जाते, यासारखी हळहळ वाटायला लावणारी दुसरी गोष्ट नाही.

कण्हेरीवरच्या पिवळ्या माव्याचेही तसेच. शेंड्यावर मावा खच्चून भरलेला दिसतो, जीव कळवळतो. पण त्यांतले काही फुगून तपकिरी, कागदासारखे कोरडे झालेले असतात आणि त्यांच्या पाठीवर गोल भोक असते. त्या भोकातून परोपजीवी माशी बाहेर पडून पुढच्या माव्याच्या शोधात गेली आहे. अशी भोके दिसू लागली की आठवडाभर थांबावे. बहुतेक वेळा काम परस्पर होते.

थांबून भागत नाही तेव्हा औषध लागते. पर्यायी औषधांचा पसारा मोठा आहे, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आणि तो ओळखल्याशिवाय गुण येत नाही. आपल्या बांधावरचा कडुनिंब पहिला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की निंबोळीच्या मगजाचे पाणी फवारलेली पाने टोळ खात नाहीत. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये त्यातले अ‍ॅझाडिरॅक्टिन वेगळे केले गेले. पुढे निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपात पेटंट दिले गेले, त्याला भारतातून आव्हान मिळाले आणि २००० मध्ये ते रद्द झाले. २००५ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. एवढे नाव असूनही कडुनिंबाची सर्वांत मोठी तक्रार ऐकू येते ती ‘मारले, पण काहीच झाले नाही’ ही. कारण अ‍ॅझाडिरॅक्टिन कीड पाडत नाही. ते तिचे खाणे कमी करते आणि कात टाकण्याचे चक्र बिघडवते. लहान अवस्थेतली कीड पुढच्या अवस्थेत जाताना अडकते, मोठी तशीच फिरत राहते. म्हणून ते कीड लहान असताना, आठवड्याच्या अंतराने, दोन-तीनदा मारावे लागते. उन्हात ते लवकर निकामी होते, म्हणून संध्याकाळी. घरच्या बागेला पाच टक्के अर्क पुरतो: लिटरभर पाण्याला वाळवून भरडलेली ५० ग्रॅम निंबोळी, रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, किंचित साबण मिसळायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. निंबोळ्या जून-जुलैत गोळा करून सावलीत वाळवून ठेवल्या तर वर्षभराची सोय होते. आमच्या तालुक्यात कडुनिंबाला तोटा नाही, निंबोळ्या वेचायला वेळ काढणाऱ्यांना आहे.

साबणाचे पाणी दुसरे. मेदाम्लांच्या पोटॅशियम क्षारांचा मऊ साबण लिटरला १० ते २० मिलि या प्रमाणात मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकणाची पिल्ले, लाल कोळी अशा मऊ अंगाच्या किडींना मारतो. अट एकच, थेंब किडीच्या अंगावर पडला पाहिजे. वाळल्यावर त्याचा काही उपयोग नाही आणि काही उपद्रवही नाही. कीड पानाच्या खालच्या बाजूला आणि फवारा वरून, असे झाले तर पाणी वाया. आमच्याकडे आणखी एक अडचण आहे: बोअरचे जड पाणी. त्यात साबण फेसाळत नाही, वर साय धरते आणि ताकद तिथेच संपते. पावसाचे किंवा फिल्टरचे पाणी घ्यावे. कपडे धुण्याची पावडर हा त्याला पर्याय नाही, ती पाने भाजते. बागायती तेले खवले किडीवर उत्तम चालतात, कारण ती किडीचा श्वास कोंडतात. पण तेल असो की साबण, एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत, पाण्यावाचून सुकलेल्या झाडावर, भर दुपारी मारले तर कीड राहील आणि झाड जाईल. तेल आणि गंधक यांची फवारणी एकमेकांच्या जवळपासही करू नये.

तिसरा वर्ग जिवाणू-बुरशींचा, आणि इथे आमच्या हवामानाचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. बिव्हेरिया, मेटारायझियम, लेकॅनिसिलियम या बुरशी किडीच्या अंगावर रुजून तिला संपवतात. रुजायला त्यांना दमट हवा लागते. ऑगस्ट-सप्टेंबरात, पावसाची झड लागलेली असताना, संध्याकाळी मारल्या तर त्या सुरेख काम करतात. सप्टेंबर हा आमच्याकडे पावसाचा भरवशाचा महिना, तोच या फवारणीचा. एप्रिलमध्ये तीच पुडी तेच प्रमाण घेऊन मारली तर पैसे पाण्यात. शिवाय या पुडीत जिवंत बीजाणू असतात. पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर पडलेल्या पुडीत ते जिवंत असतीलच असे नाही, म्हणून उत्पादनाची तारीख आधी वाचावी. बीटी नावाने ओळखला जाणारा जिवाणू फक्त पाने कुरतडणाऱ्या अळ्यांवर चालतो, तोही त्यांनी खाल्ला तर. मावा-ढेकणांवर त्याचा काही उपयोग नाही. शेजारी तुतीची बाग आणि रेशीम कीटक असतील तर बीटी आणि बिव्हेरिया दोन्ही टाळावेत, आणि जिल्ह्यात तुती लावणारे शेतकरी आहेत, हे शहरातल्या माळ्यांनीही लक्षात ठेवावे. कढीलिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी किंवा तगरीवरची जाडजूड हिरवी अळी यांना तर औषधच नको. चार-सहा असतात, हाताने वेचाव्यात किंवा पुढे त्यांचे फुलपाखरू आणि पतंग होतील म्हणून सोडून द्याव्यात.

एक गैरसमज मात्र ठामपणे दूर करायला हवा: वनस्पतीपासून केले म्हणजे निर्धोक. तंबाखूचे पाणी गावोगाव मारले जाते. त्यातले निकोटिन कातडीतूनही शरीरात जाते आणि निकोटिन सल्फेटच्या देशांतर्गत वापरावर आपल्याकडे बंदी आहे. दशपर्णी अर्कात कण्हेरीचा आणि रुईचा पाला पडतो. कण्हेर हृदयावर परिणाम करणारे जहाल विष आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते, तरी ड्रम उघडा ठेवला जातो आणि हाताने ढवळला जातो. दशपर्णी करायचा तर हातमोजे घालून, झाकण लावून, मुलांपासून लांब. आणि तुळस, कढीलिंब, बेल यांच्यावर तो मारूच नये. तुळशीवर जाळीदार पंखांचा ढेकूण पानांतला रस शोषतो, तिथे पाण्याचा जोर आणि छाटणी हेच खरे औषध.

दुसरी फसगत बाजारातली. ‘बायो’, ‘हर्बल’ असे लिहिलेल्या काही बाटल्यांत रासायनिक कीटकनाशक मिसळलेले आढळल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आलेली आहेत. केरळात १९५८ मध्ये पॅराथिऑनने दूषित झालेले पीठ खाऊन शंभरावर माणसे दगावली, त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्या कायद्यानुसार बाटलीवर नोंदणी क्रमांक, घटकाचे नाव व प्रमाण, मुदतीची तारीख आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असायला हवा: लाल, पिवळा, निळा, हिरवा या उतरत्या क्रमाने. ज्या बाटलीवर यातले काही नाही ती कितीही ‘नैसर्गिक’ असली तरी घेऊ नये. २०१७ मध्ये यवतमाळ भागात कापसावर फवारताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तोंडाला फडके न बांधता, वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून पंप मारणारे हात बागेतही तेच असतात. आमच्या तालुक्यात घरी कानडी आणि बाजारात मराठी बोलणारी माणसे पुष्कळ आहेत. माळ्याला लेबल वाचता येत नसेल तर मालकाने ते त्याच्या भाषेत वाचून दाखवणे हे त्याचे कर्तव्य आहे.

रोपवाटिकांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, कारण त्यांचा प्रश्न वेगळा. घरमालकाला दहा पाने खराब झालेली चालतात, गिऱ्हाइकाला एक चालत नाही. शिवाय इथली बरीचशी रोपे उरुळी कांचन, सोरतापवाडी किंवा थेट आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात आणि रोपांबरोबर कीडही येते. पांढरी माशी पानाखाली, खवले कीड खोडावर, मुळांवरचा ढेकूण पिशवीतल्या मातीत. आलेला माल दोन आठवडे वेगळा ठेवणे, दर लॉटमधल्या दोन-चार पिशव्या उघडून मुळे पाहणे, पिवळे आणि निळे चिकट सापळे टांगणे, युरियाचा हात आखडता घेणे, कारण कोवळ्या लुसलुशीत फुटीवर मावा तुटून पडतो. या गोष्टींना बाटलीइतका खर्चही नाही. रस्त्याकडेच्या रोपांवरची धूळ उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा धुतली तरी लाल कोळी बराच कमी होतो.

रासायनिक औषधांना या पुस्तकात बहिष्कार नाही. मुळाशी लागलेली वाळवी, खोड पोखरणारी अळी, रोपवाटिकेत हाताबाहेर गेलेला प्रादुर्भाव, अशा वेळी ती लागतात. मात्र फुलोऱ्यातल्या झाडावर मधमाश्या असताना नकोत. आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड वारंवार मारले की लाल कोळी वाढतो, कारण कोळ्याचे शत्रू आधी मरतात. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमच्या फुलांवरून बेतलेल्या या औषधांनी बागेत नवेच दुखणे आणले, हे माळ्यांना अनुभवाने माहीत आहे. पर्यायी औषध आधी, रासायनिक शेवटी आणि नेमके, हा इथला क्रम आहे.

पुस्तकाची मांडणी झाडावरून केली आहे, औषधावरून नाही. जास्वंद, गुलाब, शेवंती, मोगरा, कण्हेर, तगर, तुळस, हिरवळ, कुंडीतली पानशोभेची झाडे, वड-पिंपळ असे एकेक घेऊन त्यावर काय येते, कोणत्या महिन्यात येते, त्याचे शत्रू कसे ओळखायचे आणि मग काय करायचे, ते सांगितले आहे. ज्यांना फक्त प्रमाण हवे आहे त्यांनी शेवटचे कोष्टक पाहावे. पण कोष्टकाआधी झाडाचे प्रकरण वाचले नाही तर प्रमाण बरोबर आणि वेळ चूक, असे होईल.

वाचकांना एकच विनंती. यापुढे रोपवाटिकेतून रोप घेताना किंमत विचाराल तेव्हा सोबत एवढेही विचारा: यावर शेवटची फवारणी कशाची आणि कधी केली? आज याचे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळणार नाही. गिऱ्हाईक विचारू लागले की रोपवाटिकेवाला लिहून ठेवू लागेल, आणि लिहून ठेवणारा माणूस टोपणाच्या अंदाजाने औषध मारत नाही.